कुलगुरूंचा आढावा आणि भाषेचा रकाना

वर्षाअखेरीस कुलगुरू अध्यापकवर्गापुढे संस्थेच्या प्रगतीचा आढावा ठेवतात. त्यात अनुदान, इमारती, प्रवेशसंख्या यांना हमखास स्थान असते. भाषाध्ययनाला मात्र सोयीचा रकाना सापडत नाही.

दिल्ली विद्यापीठाच्या कुलगुरुपदी १९६२ ते १९६७ या काळात चिंतामणराव देशमुख होते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे अर्थमंत्री, नंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष. आकड्यांची महती त्यांना कोणी सांगावी? तरी ‘मेघदूत’ मराठी पद्यात आणणारेही तेच होते. ते श्रम कोणत्या कोष्टकात मांडावेत?

हा प्रश्न आज दिल्लीतच पुन्हा उभा आहे. जवाहरलाल नेहरू विद्यापीठात जुलै २०२५ मध्ये कुसुमाग्रजांच्या नावाने मराठी भाषा, साहित्य व संस्कृती यांच्या विशेष केंद्राचे उद्घाटन झाले. ही आनंदाची गोष्ट होय. परंतु उद्घाटन म्हणजे प्रगती नव्हे. अशा केंद्राच्या आढाव्यात तीन प्रश्नांची उत्तरे असावीत. कायम अध्यापक किती नेमले? मराठी मातृभाषा नसलेले किती विद्यार्थी मूळ संहिता वाचू लागले? हिंदी-इंग्रजीच्या मध्यस्थीवाचून तमिळ, बंगाली, कन्नड यांच्याशी थेट अनुवादव्यवहार किती झाला?

अशी कामे एका वर्षात फळत नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. मग ‘काम चालू आहे’ एवढेच लिहावे. पण ते कोण करीत आहे आणि त्याला कोणता आधार दिला आहे, हेही लिहावे. त्यावाचून आढावा इमारतीचा होतो, विद्येचा नव्हे.