सदाफुलीपासून पेनिसिलिनपर्यंत

सदाफुली आपल्याकडे कुंपणाकडेला, पडक्या भिंतीजवळ, कुठेही उगवते. तिच्या पानांत व्हिनब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन ही कर्करोगावरची औषधे असतात, पण इतकी कमी की ढीगभर पानांतून चिमूटभर मिळतानाही मारामार. ती काढण्याची किफायतशीर रीत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत बसवली गेली आणि 1980च्या दशकात सिप्ला या औषध कंपनीने ही औषधे बाजारात आणली. त्या कामामागचे ठळक नाव डॉ. ए. व्ही. रामाराव. या प्रयोगशाळेवरून पाषाण रस्त्याने रोज जाणाऱ्या किती जणांना ते ठाऊक असेल?

रामाराव मूळचे गुंटूरचे. पुण्यात रंगरसायनांचे जाणते के. वेंकटरामन यांच्याकडे पीएचडी, पुढे हार्वर्डला ई. जे. कोरी यांच्याकडे उमेदवारी, 1985 साली हैदराबादच्या सरकारी प्रयोगशाळेचे संचालकपद. त्या प्रयोगशाळेचेच पुढे आयआयसीटी (भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था) झाले. तिथले ठळक काम एड्सवरच्या पहिल्या औषधाचे, एझेडटीचे. अमेरिकेत 1987 साली त्याला मंजुरी मिळाली तेव्हा एका रुग्णाचा वर्षाचा खर्च हजारो डॉलरच्या घरात होता. ते इथे बनवण्याची पद्धत हैदराबादेत तयार झाली, ती सिप्लाने उचलली. साठीला निवृत्त झाल्यावर रामारावांनी स्वतःची अवरा लॅबोरेटरीज काढली. पद्मभूषण मिळाले ते 2016 साली.

दुसऱ्याने शोधलेले औषध आपल्या रीतीने बनवण्याच्या अशा कामाला ‘नक्कल’ म्हणून नाक मुरडणारे परदेशात होते, तसे आपल्या विद्यापीठांतही आहेत. रेणूची रचना छापील असते, हे खरे. पण तो कमी टप्प्यांत, इथे मिळणाऱ्या कच्च्या मालातून, प्रयोगशाळेतल्या चंबूइतकाच कारखान्यातल्या रिॲक्टरमध्येही नीट उतरेल अशा रीतीने घडवायचा, तर छापील रचना तिथे कामाला येत नाही. 1970च्या पेटंट कायद्याने औषधाऐवजी ते बनवण्याच्या रीतीला पेटंट देऊ केले. थोडक्यात, रसायनज्ञाच्या या कसबाला कायद्यानेच किंमत दिली.

2001 साली सिप्लाच्या युसुफ हमीद यांनी एड्सवरचा तीन औषधांचा उपचार वर्षाला साडेतीनशे डॉलरमध्ये देऊ केला, ते जगाच्या लक्षात राहिले. हमीद स्वतः केंब्रिजचे रसायनज्ञ, तेव्हा श्रेय त्यांचे आहेच. त्या तीन औषधांत एझेडटी नव्हते, हेही खरे. पण एड्सची औषधे आपल्याला बनवता येतात हा भरवसा एझेडटीने दिला होता. आणि औषधाची किंमत पत्रकार परिषदेत जाहीर होत असली, तरी ती ठरते किती टप्पे वाचले आणि किती माल वाया गेला यावर.

2005 पासून औषधालाच पेटंट मिळू लागले. मोठ्या कंपन्यांची नजर तयार गोळ्यांच्या निर्यातीवर होतीच. गोळ्यांत घालायची मूळ औषधी द्रव्ये चीनमधून आणणे स्वस्त पडू लागले, तसे ती इथे बनवण्याचे कसब अनेक ठिकाणी अडगळीत गेले. प्रयोगशाळांत शोधनिबंध मोजले जातात, कारखान्यात उतरलेली रीत कोण मोजणार? करोनाच्या तोंडावर हे परावलंबित्व डोळ्यांत खुपले आणि 2020 साली केंद्राने मूळ द्रव्यांच्या देशी उत्पादनासाठी प्रोत्साहन योजना जाहीर केली. त्या यादीत पेनिसिलिन-जी होते. आणि पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये तर पेनिसिलिन 1950च्या दशकातच तयार होत होते.