दोघांचा लंडन-मुक्काम

मीरा रोड आणि भाईंदर येथील स्थानकांलगत ज्यांनी पर्यटनाची लहानमोठी कार्यालये थाटली आहेत, त्या आमच्या व्यवसायबंधूंकडे परदेशप्रवासाची चौकशी करण्यास येणाऱ्यांत मुलांची शिक्षणे-लग्ने उरकून नुकतीच मोकळी झालेली पती-पत्नीही असतात. आणि तरीही त्यांच्यापुढे जो कार्यक्रम ठेवला जातो, तो चाळीस जणांच्या बसगाडीसाठी आखलेल्या कार्यक्रमाचीच नक्कल असतो, ही गोष्ट आम्हांस मनापासून खटकते.

पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांच्या विलायतेतील मुक्कामावरचे ‘अपूर्वाई’ १९६० साली पुस्तकरूपाने आले, आणि मराठी मध्यमवर्गाच्या कित्येक घरांना लंडन प्रथम दिसले ते एका जोडप्याच्या सोबतीने. पुढे समूहसहलींनी ते शहर सामान्यांच्या आवाक्यात आणले, हे त्यांचे मोठेच कार्य. परंतु दोघांसाठी आखणी करणे ही निराळी विद्या आहे.

भोजनाचेच पाहा. भाईंदर पश्चिमेच्या बावन जिनालयाच्या परिसरातून आलेले, चौविहार पाळणारे जैन दांपत्य सूर्यास्तापूर्वी जेवते, हे ठाऊक असूनही रात्रीचे भोजन सरसकट आठ वाजता नोंदवले जाते. लंडनमध्ये जूनअखेर सूर्य रात्री नऊ वाजून वीस मिनिटांच्या सुमारास मावळतो, डिसेंबरात मात्र दुपारी चारच्याही आत. म्हणजे उन्हाळ्यात जी वेळ निर्वेध, तीच हिवाळ्यात त्या दोघांना उपाशी निजवणारी. पुष्कळ उपाहारगृहांत दुपारचे वाढप अडीच-तीनला थांबते, तेव्हा हिवाळ्यात सारा दिवस त्या एका जेवणाभोवती बेतावा लागतो. युस्टन स्थानकालगतच्या ड्रमंड स्ट्रीटवर शाकाहारी भोजन मिळते, नीसडनच्या स्वामिनारायण मंदिराशेजारीही मिळते. पण कांदा-लसूण नसला तरी बटाटा असू शकतो; तेव्हा तोही नसल्याची लेखी खातरजमा निघण्यापूर्वीच करावी. उलट, उत्तनच्या ताज्या मासळीवर वाढलेल्या जोडप्याला तिथला पिठात घोळवून तळलेला कॉड चाखू न देता रोज पनीर खाऊ घालणे हा अन्यायच होय.

ब्रिटिश म्युझियम एरवी सायंकाळी पाचला बंद होते, शुक्रवारी मात्र साडेआठपर्यंत उघडे असते. समूहाला तिथे जेमतेम तासभर मिळतो. दोघांना शुक्रवारची अख्खी संध्याकाळ देता येते, आणि अमरावतीच्या स्तूपावरील शिल्पांसमोर त्यांना हवे तितके रेंगाळता येते. चॉक फार्म स्थानकापासून थोडे चालले की किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाचे घर लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये तिथे राहिले आणि महाराष्ट्र शासनाने ते २०१५ साली विकत घेतले. तेथून प्रिमरोझ हिलची टेकडी जवळच आहे, आणि तिच्या माथ्यावरून सारे लंडन दृष्टीस पडते. मराठी दांपत्याच्या कार्यक्रमात हे घर नसावे, याचे आम्हांस दुःख होते.

ते नसते याचे कारण उघड आहे. विनामूल्य संग्रहालय, पायी फेरफटका आणि लाल बसचा प्रवास यांवर दलाली मिळत नाही; ज्या तिकिटांवर ती मिळते, त्यांनीच दिवस भरून निघतो. यावर आमची तजवीज अशी की आखणीचे शुल्क दरपत्रकात स्वतंत्र रकान्यात मांडावे, ते उघडपणे मागावे, आणि त्याच्या मोबदल्यात सूर्यास्ताच्या वेळा, उपाहारगृहांची लेखी उत्तरे व बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत ही सूचना, असा सारा तपशील मराठीत किंवा गुजरातीत छापून प्रवाशांच्या हाती द्यावा.