'माझ्या स्वप्नातील शहर': हा निबंध तपासताना आपण काय बघतो?



'माझ्या स्वप्नातील शहर' किंवा '२०५० मधील भारत' हा निबंध कुठल्या ना कुठल्या इयत्तेत दरवर्षी असतोच. मुलं काय लिहितात तेही आपल्याला पाठ झालंय. उडणाऱ्या गाड्या, काचेचे मनोरे, घरकाम करणारे रोबो. शुद्धलेखन बरं असलं की आपण दहापैकी आठ गुण देतो आणि पुढची वही उचलतो. माझं मत असं, की हा निबंध इतक्या सहज सोडून देऊ नये.

कारण आदर्श शहराचं चित्र काढताना माणूस आज त्याला काय बोचतंय तेच सांगत असतो. संत रविदासांचा 'बेगमपुरा' बघा. बे-गम, म्हणजे जिथे दुःख नाही असं नगर. चामड्याचं काम करणाऱ्या घरातल्या या संतांनी सोन्याचे महाल मागितले नाहीत. त्यांच्या नगरात मालावर कर नाही, कुणी दुय्यम-तिय्यम नाही, आणि हवं तिथे मोकळेपणानं हिंडता येतं. ज्याला वाटेत अडवलं जातं, त्यालाच हे सुचतं.

दुसरी गोष्ट म्हणजे, स्वप्नात कोण राहून गेलं तेही बघायला हवं. टॉमस मोर यांनी १५१६ साली 'युटोपिया' लिहिलं. तिथे दिवसाला फक्त सहा तास काम, दाराला कुलूप नाही, दर दहा वर्षांनी चिठ्ठ्या टाकून घरांची अदलाबदल. छान ना? पण जनावरं कापण्यासारखी नकोशी कामं तिथे गुलाम करतात!

प्रत्यक्षात वसवलेल्या शहरांचंही तेच. ब्राझीलची नवी राजधानी ब्राझिलिया १९६० साली सुरू झाली. लुसियो कोस्टा यांचा आराखडा वरून विमानासारखा दिसतो. पण ती बांधायला आलेल्या मजुरांची सोय त्यात नीट नव्हती. उद्घाटनाआधीच, १९५८ मध्ये, तागुआतिंगा ही वेगळी वस्ती बाहेर वसवावी लागली.

आपल्या नवी मुंबईचंच घ्या. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 'मार्ग' नियतकालिकात खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली. १९७० मध्ये सिडको आली. मुंबईवरचा भार हलका करायचा, हे स्वप्न चांगलंच होतं. पण ती जागा काही रिकामी नव्हती. तिथे आगरी-कोळ्यांची गावं होती, भातशेती होती, मिठागरं होती. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पाच शेतकरी गेले. त्यानंतर पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं धोरण आलं.

कुणी म्हणेल, मुलांच्या कल्पनाशक्तीला लगाम कशाला? पण प्रश्न विचारल्यानं कल्पना आटत नाही, उलट तिला काम मिळतं. निबंध लिहायला देण्याआधी फळ्यावर एवढंच लिहून बघा:

१. तुझ्या शहरात पाणी कुठून येतं आणि कचरा कुठे जातो?
२. रस्ते झाडणारी माणसं कुठे राहतात?
३. शहर होण्याआधी ती जागा कुणाची होती?
४. तुझी आजी तिथे एकटी बाजारात जाऊन येऊ शकेल का?

आपल्या वर्गात गवंड्याचा मुलगा असतो, सफाई कामगाराची मुलगी असते. तिच्या स्वप्नातल्या शहरात तिच्या आईलाच जागा नसेल, तर ते स्वप्न तिचं नाही. जाहिरातीतून, सिनेमातून उसनं आलेलं आहे. आणि ते उसनं आहे हे तिला सांगणारं आपल्याशिवाय दुसरं कोण आहे?

पालकहो, तुम्हीही घरी हे चार प्रश्न विचारा. उत्तरं सुचवू मात्र नका. आणि शिक्षकांनो, दहापैकी निदान तीन गुण या उत्तरांसाठी राखून ठेवा. उडत्या गाड्या राहू देत की! फक्त त्या गाडीत कोण बसलंय आणि खाली कोण उभं आहे, तेवढं मुलांना लिहू द्या.