वर्ग माणसावर नको, संस्थेवर उभा करा

एकोडीसारख्या (ता. साकोली, जि. भंडारा) गावात दहावी-बारावी झालेल्या आपल्या मुलामुलींना पुढची वाट दाखविणारा हवा असतो. १४ एप्रिलच्या उत्साहात विहारात मार्गदर्शन वर्ग सुरू होतात. चालविणाऱ्या शिक्षकाची बदली झाली की कुलूप लागते. दोष तरुणांचा नाही. वर्ग एका माणसावर उभा होता.

बाबासाहेबांनी काय केले? २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. कार्यकारी मंडळ, चिटणीस, खजिनदार नेमले, १८६० च्या कायद्याखाली नोंदणी केली. सोलापूरचे वसतिगृह त्यानंतर, ४ जानेवारी १९२५ ला उघडले. आधी घटना, मग कार्य!

नोंदणी म्हणजे कटकट, असे कार्यकर्ते म्हणतात. पण सात सभासद जमले की संस्था नोंदविता येते. पुढे धर्मादाय कार्यालयात विश्वस्त संस्था म्हणून नोंद, दरवर्षी हिशेब तपासणी आणि पदाधिकारी बदलल्यास ९० दिवसांत बदल अर्ज. हा अर्ज राहिला की दोन कार्यकारिणी कोर्टात भांडतात आणि मुले वाऱ्यावर पडतात. वकिली करताना आम्ही हेच पाहतो.

मुले अज्ञान असतील तर पालकांची लेखी संमती घ्या. मुलींशी एकट्याने बैठक नको. कार्यकारिणीत महिला हव्यातच. वर्गातून शिकून गेलेल्यांना सभासद करा, म्हणजे दुसरी फळी तयार होईल.

बंधू-भगिनींनो, ‘शिका’नंतर ‘संघटित व्हा’ येते. संघटना म्हणजे गर्दी नव्हे. इतिवृत्ताची वही आणि चोख हिशेबही तिच्यातच येतात.