वाटेत थांबलेल्या पेशी



गेल्या महिन्यात द्वारका परिसरातील आमचे एक जुने खातेदार, धान्याचे व्यापारी, एक मोठे पाकीट घेऊन घरी आले. सोबत त्यांच्या सूनबाई होत्या. बँकेतून निवृत्त झालो, तरी इंग्रजी कागद वाचून त्याचा अर्थ सांगण्याचे काम काही माझ्याकडून सुटलेले नाही. पाकिटात शेटजींच्या नातीच्या मेंदूचा एमआरआय अहवाल होता. मुलगी सोळा वर्षांची, अकरावी वाणिज्यला आहे. सुट्टीत दुकानाचा रोजमेळ बिनचूक लिहिते. दोन वर्षांपासून तिला फिट येते. अहवालात शब्द होते ‘सबकॉर्टिकल बँड हेटेरोटोपिया’.

शेटजींचा प्रश्न मात्र त्या शब्दांविषयी नव्हता. “साहेब, सूनबाईंनी दिवस असताना ग्रहणात भाजी चिरली होती, असे घरात बोलतात. हे त्याचेच फळ काय?” सूनबाई शेजारीच मान खाली घालून बसल्या होत्या.

मी पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली. मी वाणिज्याचा विद्यार्थी, वैद्यकाचा नव्हे. मेंदूविकारतज्ज्ञांना विचारून आणि स्वतः वाचून जे समजले, ते येथे मांडतो.

आपण ज्याच्या बळावर बोलतो, विचार करतो, हिशेब मांडतो, तो मेंदूचा बाहेरचा राखाडी थर, म्हणजे कॉर्टेक्स. त्यात एकावर एक सहा थर असतात. परंतु तेथील पेशी तेथे जन्मत नाहीत. त्या मेंदूच्या आत, द्रवाने भरलेल्या पोकळ्यांच्या कडेला जन्म घेतात आणि तेथून पृष्ठभागापर्यंत प्रवास करतात. गर्भाच्या साधारण बाराव्या ते चोविसाव्या आठवड्यात हा प्रवास ऐन भरात असतो. पोकळीपासून पृष्ठभागापर्यंत ताणलेले आधारपेशींचे लांब धागे त्यांना वाट दाखवतात. पास्को राकिच या शास्त्रज्ञाने 1972 मध्ये माकडांच्या गर्भात हे दाखवून दिले. गंमत अशी की आधी निघालेल्या पेशी खालच्या थरांत बसतात आणि नंतर येणाऱ्या त्यांना ओलांडून वरचे थर भरतात. आमच्या बँकेत नवा कारकून असा जुन्यांना ओलांडून वरच्या मजल्यावर बसला असता, तर संघटनेने दुसऱ्या दिवशी फाटकावर सभा घेतली असती!

सर्वच पेशी अशा सरळ वर जात नाहीत. काही आडवाटेने येतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. शुभा तोळे व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये उंदरांच्या गर्भात अशीच एक वाट दाखवली. मेंदूच्या मागील भागातून निघालेल्या पेशींचा एक प्रवाह भीतीसारख्या भावनांशी संबंधित अमिग्डाला या भागात जाऊन स्थिरावतो, असे त्यांना आढळले. मेंदूच्या जडणघडणीचे हे काम आपल्या कुलाब्यात चालते, हे मला आजवर ठाऊक नव्हते, याची थोडी लाजच वाटली.

आता शेटजींच्या नातीकडे वळू. पुढे सरकताना पेशी आधी एक टोक लांबवते आणि मग आपले केंद्रक त्या दिशेने ओढून घेते. या कामासाठी तिच्या आत सूक्ष्म नळ्यांचा सांगाडा असतो. तो सांभाळणारी प्रथिने बिघडली की पेशी वाटेतच अडकते. अशा दोन जनुकांचा शोध पाच वर्षांच्या अंतराने लागला: 17 व्या गुणसूत्रावरील लिस-1 चा 1993 मध्ये आणि एक्स गुणसूत्रावरील डबलकॉर्टिनचा 1998 मध्ये. पहिल्यात दोष असल्यास मेंदूला वळ्या पडत नाहीत, तो गुळगुळीत राहतो. डबलकॉर्टिनचे मात्र मुलगा आणि मुलगी यांत वेगवेगळे होते. मुलाकडे एक्स गुणसूत्र एकच. ते सदोष निघाले तर त्याचा मेंदूही गुळगुळीत राहतो आणि आजार गंभीर होतो. मुलीकडे दोन असतात आणि प्रत्येक पेशीत त्यांपैकी एकच जागे असते. ज्या पेशीत चांगले जागे, ती मुक्कामी पोहोचते. ज्या पेशीत सदोष जागे, ती मध्येच थांबते. अशा थांबलेल्या पेशींचा खऱ्या कॉर्टेक्सखाली दुसरा पट्टा तयार होतो. अहवालातील ‘बँड’ तो हाच.

द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता एकत्र येतात. तेथे चार ट्रक मध्येच बंद पडले की काय होते, हे नाशिककरांना सांगायला नको. पट्ट्यातील पेशी मेलेल्या नसतात, त्या फक्त जागा चुकलेल्या असतात. त्यांच्या जोडण्या वेड्यावाकड्या होतात आणि फिट तेथून उद्भवू शकते. पट्टा जाड असेल तर बहुधा त्रास अधिक. पातळ असेल तर बुद्धी जवळजवळ शाबूत राहू शकते.

यात ग्रहण कोठेच येत नाही. पुष्कळदा हा दोष बीजात किंवा गर्भाच्या आरंभी नव्यानेच निर्माण होतो. क्वचित आईकडून येतो, त्याहून क्वचित वडिलांकडून. आईकडून आला असेल तर पुढच्या प्रत्येक गरोदरपणात तो जाण्याची शक्यता निम्मी असते, म्हणून जनुकचाचणी करून घ्यावी. परंतु तिचा निकाल नव्या आरोपाचा कागद म्हणून घरात फिरवायचा असेल, तर चाचणी न केलेली बरी, असे मी शेटजींना स्पष्टच सांगितले.

घरात आणखी एक तक्रार होती: पाचव्या महिन्यातील सोनोग्राफीत डॉक्टरांना हे कसे दिसले नाही? त्या वयात निरोगी गर्भाचा मेंदूही जवळजवळ गुळगुळीतच असतो. बहुतेक वळ्या नंतर पडतात. आणि असा पातळ पट्टा सोनोग्राफीत सहसा दिसतच नाही.

गर्भाच्या मेंदूला बाहेरून अपाय करणाऱ्या गोष्टी आहेतच. सायटोमेगॅलो विषाणू आहे, मद्य आहे. झिका विषाणू तर या पेशींना जन्म देणाऱ्या मूळ पेशींवरच घाला घालतो. 2021 मध्ये महाराष्ट्रातील झिकाचा पहिला रुग्ण पुरंदर तालुक्यातील बेलसर गावी सापडला होता. ग्रहणात खिडक्या लावून घेणाऱ्या घरांतही कुंडीखालच्या ताटलीत डासांच्या अळ्या वळवळताना मी पाहिल्या आहेत.

शेटजींची खरी चिंता शेवटी बाहेर आली: मुलीचे लग्न. हिंदू विवाह कायदा आपल्या समाजालाही लागू आहे. त्यात पूर्वी वारंवार येणारा अपस्मार विवाहाच्या आड येत असे. 1999 च्या दुरुस्तीने ती अट काढून टाकली. मात्र महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून संमती मिळवली, तर विवाह रद्द ठरू शकतो. कर्जाच्या अर्जात जुनी थकबाकी लपवणाऱ्यांचे पुढे काय होते, ते मी पुष्कळ पाहिले आहे. तेव्हा सांगूनच करावे. आणि गोळ्यांविषयी डॉक्टरांशी आधीच बोलावे, कारण व्हॅल्प्रोएटसारखी काही औषधे गर्भाला बाधतात. मात्र आपल्या मनाने एकही गोळी बंद करू नये.

हे सारे मी दुसऱ्या भेटीत टिपणावरून वाचून दाखवले. शेटजी बराच वेळ गप्प होते. निघताना सूनबाई दारातून परत आल्या आणि म्हणाल्या, “काका, ग्रहणाचे जिथे लिहिले आहे, तेवढ्या पानाची झेरॉक्स मिळेल का?”