चाळीस दिवसांचा पेशवा

सवाई माधवरावांचा विषय निघाला की एकच वाद सुरू होतो. उडी मारली की तोल गेला? २५ ऑक्टोबर १७९५ ला ते शनिवारवाड्यात वरून खाली कारंज्यावर पडले आणि दोन दिवसांनी गेले. वय २१. तापाच्या भरात तोल गेला म्हणणारे आहेत, जीव दिला म्हणणारेही आहेत. मला विचाराल तर हा प्रश्नच उशिराचा. विचारायचं तर आधीच्या एकवीस वर्षांबद्दल विचारावं.

या पोराला जन्मायच्या आधीच कामाला जुंपलं होतं. ३० ऑगस्ट १७७३ ला वडिलांचा, नारायणरावांचा, खून झाला. तेव्हा ते अवघे १८ वर्षांचे आणि गंगाबाई गरोदर. राघोबादादांना पेशवाई मिळू नये म्हणून बारभाईंची सगळी भिस्त त्या पोटातल्या जिवावर! १८ एप्रिल १७७४ ला पुरंदरावर मुलगा झाला आणि चाळिसाव्या दिवशी पेशवाईची वस्त्रं. तीन वर्षांचा असताना आई गेली. १७८३ मध्ये लग्न. कारभार नाना फडणवीसांचा.

नानांना खलनायक करायचं नाहीये मला. राज्य त्यांनीच राखलं. पण शिवनेरीवर कैदेत असलेल्या, जवळजवळ आपल्याच वयाच्या बाजीरावाशी त्याने चोरून पत्रव्यवहार केला, तर त्यावरूनही बोलणी खावी लागली. पेशवा असून!

त्याच वर्षी ८ जूनला पॅरिसच्या तुरुंगात सोळाव्या लुईचा १० वर्षांचा मुलगा मेला. राजनिष्ठांनी त्याला कोठडीतच राजा ठरवलं होतं. त्याची कैद सगळ्यांना दिसते. वाड्यातली कैद दिसत नाही, इतकंच.

आमच्या नया नगरातून वसई अगदी जवळ. मिरा रोडला लोकल पकडायची, भाईंदरची खाडी ओलांडली की नायगाव, मग वसई रोड. दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ ला इंग्रजांशी तह केला तो याच वसईत. आणि माधवराव आपल्याला आठवतात ते या तहाच्या आधीची पायरी म्हणून. ते निपुत्रिक गेले, म्हणून बाजीराव आला, म्हणून तह झाला. म्हणजे मेल्यावरही त्यांचा हिशोब वंशातला दुवा एवढाच.

"आता सगळं याच्यावरच" हे वाक्य आपण बारशालाही किती सहज बोलतो, नाही? बोलणाऱ्याच्या मनात प्रेमच असतं. बारभाईंच्याही मनात वाईट नव्हतं. पण मुलाला आधी नुसतं मूल असू द्यावं, असं मला वाटतं. तुम्हाला?