झटका आला, पण दिवस गेले होते का?

बाळंत होऊन चार-सहा महिने झालेली पंचविशीतली बाई. ‘डोकं दुखस’ एवढीच तक्रार, म्हणून दुकानातली गोळी घेते. मग एके दिवशी कपाशी वेचताना झटका येतो. कुणी मिरगी म्हणते, कुणी बाहेरचे. स्कॅनमध्ये मेंदूत रक्तस्राव दिसतो. असे चित्र समोर आले, तर आम्ही डॉक्टरांनी विचारायलाच हवे, गेल्या वर्ष-दोन वर्षांत दिवस गेले होते का? मूल झाले, गर्भ पडला, की पिशवी साफ केली? ओपीडीच्या गर्दीत हा प्रश्न राहून जातो. माझ्याही हातून राहिला आहे.

कोरिओकार्सिनोमा हा वारेच्या पेशींचा दुर्मीळ कर्करोग. गर्भाशयाच्या भिंतीत रुजणे हे या पेशींचे कामच. या रोगात ते थांबत नाही. त्या रक्तवाहिन्यांत शिरतात, बहुधा आधी फुफ्फुसात पोचतात आणि काही जणींच्या मेंदूत. गाठी रक्ताळलेल्या असतात, सहज फुटतात. म्हणून तपासणीसाठी तुकडा काढण्याचा हट्टही धोक्याचा. धोका द्राक्षगर्भानंतर जास्त, पण साध्या बाळंतपणानंतरही हा रोग होतो.

त्याचा माग मात्र सोपा आहे. या पेशी एचसीजी सोडतात. आशाताईंच्या पिशवीतले ‘निश्चय’ किट गरोदरपण ओळखते, ते याच संप्रेरकावरून. शंका असेल तर रक्तातले बीटा एचसीजी पाहावे.

एवढा आग्रह अशासाठी, की हा कर्करोग बरा होतो. १९५६ साली अमेरिकेत मिन चिऊ ली आणि रॉय हर्ट्झ यांनी मेथोट्रेक्सेटने तो बरा केल्याचे दाखवले. पसरलेली गाठ नुसत्या औषधाने बरी होण्याचे ते पहिले उदाहरण मानतात. मेंदूत पोचल्यावर उपचार अवघड होतात. अनेक औषधे एकत्र द्यावी लागतात, कधी किरणोपचारही. तरीही कित्येक जणी बऱ्या होतात.

आपल्याकडे घोडे अडते ते पाठपुराव्यात. पिशवीतून काढलेला भाग पुष्कळदा बादलीतच जातो. वास्तविक जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तो तिथे तपासायला पाठवता येतो. द्राक्षगर्भ निघाला, तर एचसीजी नॉर्मल होईपर्यंत दर आठवड्या-दोन आठवड्यांनी आणि पुढे काही महिने तपासावे लागते. पण दिवाळीनंतर चाळीसगाव-साक्रीकडची कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि कागद घरी राहतो. तो मराठीत लिहून बाईच्याच हाती द्यावा, म्हणजे कारखान्याजवळच्या दवाखान्यातही रक्त देता येईल. या काळात पुन्हा दिवस जाऊ देऊ नयेत. नाहीतर वाढलेले एचसीजी बाळाचे की रोगाचे, हेच कळत नाही.